मधला तेवढा ठेवायचा

बोरूला तिच्या बाबाचा आवाज ओळखू येतो. फोनवरची कर्ण्याची खूण दाबली की हातातला चमचा, बाहुली, जे काही असेल ते टाकून ती धावत येते, फोनला गाल चिकटवते, आणि बाबा म्हणतो, "बॉर्बरिग्मस." ती खदखदून हसते. "पुना," म्हणते. मी पुन्हा दाबते. बाबा पुन्हा म्हणतो, तस्साच, तितक्याच खर्जात, शेवटचा 'स' तितकाच हलका सोडून. कितीही वेळा दाबा, कंटाळत नाही. जिवंत असताना एवढा सोशिक नव्हता तो.

बॉर्बरिग्मस म्हणजे पोटात वायू फिरल्यामुळे होणारी गुरगुर. बोरू माझ्या पोटात होती तेव्हा तो कान लावून ऐकायचा आणि डॉक्टरच्या थाटात मान हलवायचा. "बाळबिळ काही नाहीये हे. साधं बॉर्बरिग्मस आहे. औषध घे, बरं वाटेल." त्यावरून बोरू. सासूबाई तेव्हा फार चिडल्या होत्या. "लोक पुस्तकं चाळून नावं शोधतात आणि तुम्ही पोरीला गॅसेसचं नाव ठेवा!" तिचं खरं नाव त्यांनीच ठेवलं, हौसेने, आणि आता बोरू, बोरू करत दिवसभर तिच्यामागे त्याच धावतात.

आम्ही दोघं एका कोशाच्या कचेरीत कामाला होतो. इंग्रजीतले जे शब्द सहसा कुणी बोलत नाही, वाचताना आले तर माणूस अडखळतो आणि गुपचूप पुढे सरकतो, अशा शब्दांचा तो कोश. छापलेला नाही, फोनवरचा. शब्दाखाली मराठीत अर्थ आणि शेजारी कर्ण्याची खूण, दाबली की उच्चार. अर्थ लिहायच्या त्या अर्थताई. कचेरी त्यांचीच. उच्चार माझ्या नवऱ्याचे. आणि माझं काम सफाईचं. झाडूची नव्हे, आवाजाची. त्याने म्हटलेला शब्द घ्यायचा आणि त्याच्या आगेमागे जे जे असेल ते कापून टाकायचं. खुर्चीची करकर, गिळलेला आवंढा, खाकरणं, श्वास. श्वास तर पहिल्यांदा. अर्थताईंचं म्हणणं असं, की कोशात शब्द ऐकू यावा, माणूस ऐकू येऊ नये. त्या मला सफाईबाई म्हणायच्या, आणि ते कौतुकाने म्हणायच्या.

आमच्या कामाची एक रीत होती. तो काचेपलीकडच्या खोलीत बसायचा. खोली कसली, भिंतींना गाद्या ठोकलेलं मोठं कपाटच. मी काचेअलीकडे, कानावर हेडफोन. सुरुवातीला थोडा वेळ त्याने नुसतं बसायचं, काही न बोलता, आणि मी त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. तो नमुना असला की पुढे शब्दांमागची बारीक घूं घूं पुसता येते. मग मी त्याच्या कानात शब्दाचा अर्थ वाचायची, आणि अर्थ ऐकल्यावरच तो शब्द म्हणायचा. अर्थ न कळता तोंड उघडायचंच नाही, हा त्याचा हट्ट. "तोंडात खडा घोळवल्यासारखं वाटतं गं नाहीतर." प्रत्येक शब्द तो तीनदा म्हणायचा. पहिला उच्चार जपून पाऊल टाकल्यासारखा, तिसरा उरकल्यासारखा. मधला बरोबर यायचा. मधला तेवढा ठेवायचा.

आणि अर्थ ऐकणं आणि शब्द म्हणणं यांच्यामध्ये त्याची बडबड चालायची.

"खिडकीतून एखाद्याला बाहेर फेकून देणे," मी वाचलं होतं एकदा.

"ही वेळ लोकांवर इतकी वरचेवर येते, की त्याला शब्द करून ठेवलाय? कुठल्या मजल्यावरून, ते लिहिलंय का?"

"म्हण आता. ताई बघतायत."

"डीफेनिस्ट्रेशन. ताई बघतायत म्हणून सांगतो, पहिला नंबर आमच्या वरच्या मजल्यावरच्या तबलजीचा."

किंवा क्विडनंक, म्हणजे ज्याला जगभरच्या बातम्या हव्या असतात असा भोचक माणूस. "आपल्या जिन्याखालच्या काकू! त्यांचं छायाचित्रच लावा ना शेजारी, उच्चार कशाला हवाय?" मी काचेअलीकडे तोंड दाबून हसायची. मग मान खाली घालून सगळं कापायची. तबलजी गेला, काकू गेल्या, उरलं ते डीफेनिस्ट्रेशन आणि क्विडनंक. माझा हात साफ होता. एवढासा श्वाससुद्धा माझ्या हातून कधी निसटला नाही.

बोरू पालथी पडायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी दाढी करताना त्याच्या छातीत कळ आली. बेसिनचा नळ चालूच होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटपलं होतं. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि बोरू उठायच्या आत मला पुढचं लिहायचं आहे.

लोक विचारतात, अहो, आजकाल सगळ्यांचे व्हिडिओ असतात, त्याचे नाहीत का? आहेत ना. फोन भरून आहेत. बोरूच्या पहिल्या आंघोळीपासून ते तिच्या पायाचा अंगठा तोंडात घालण्यापर्यंत सगळे आहेत. ते सगळे त्यानेच काढले, आणि त्यातल्या एकातही तो बोलत नाही. सवयीने. रेकॉर्डिंग चालू असलं की बाकीच्यांनी चिडीचूप राहायचं, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. त्या व्हिडिओंमध्ये मी बोलते, सासूबाई बोलतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि फोन धरणारा माणूस तोंड मिटून उभा असतो, आपला आवाज मध्ये येऊ नये म्हणून. घरी त्याच्यावर फोन रोखला की पळून जायचा. "दिवसभर माईकसमोर असतो बाई. घरी तरी सोड."

म्हणजे बोरूच्या वाट्याला बाबाचे शब्द आले ते हे. अप्रिसिटी, थंडीतल्या उन्हाची ऊब. ॲग्लिट, बुटाच्या नाडीच्या टोकाची नळी. पॅन्डिक्युलेशन, झोपेतून उठताना दिलेले आळोखेपिळोखे. तिला वाटतं, बाबा म्हणजे असं काहीतरी बोलणारा कुणीतरी. परवा शेजारच्या घरातला बाप आपल्या लेकीला म्हणाला, "चल गं, चप्पल घाल," तर बोरू त्याच्याकडे टकामका बघत राहिली. बाबा लोक असंही बोलतात, हे तिला नवीन होतं.

सासूबाई फोनवरचे शब्द ऐकत नाहीत. मी लावले की उठून आत जातात. एकदा मी म्हटलं, "आई, त्याचाच आवाज आहे हो. बसा ना."

"आवाज त्याचा असेल. बोलतोय कोण?" त्या दाराशी थांबून म्हणाल्या. "माझा मुलगा असं नव्हता बोलत. माझा मुलगा न्हाणीघरातून ओरडायचा, 'आई, टॉवेल!' रोज विसरायचा मेला. रोज."

माझंही एक वाक्य हरवलंय. त्याच्या शेवटच्या काही दिवसांतलं. मी बाळंतपणानंतर नुकतीच अर्धा दिवस कामावर जायला लागले होते. व अक्षराचे शब्द चालले होते. मी त्याच्या कानात वाचलं, "नवरा गेल्यानंतरचं बाईचं आयुष्य, तो काळ." काचेपलीकडे त्याने भुवया उंचावल्या, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाला. मी इतकी हसले की अर्थताईंनी आतून विचारलं, काय झालं गं. मग त्याने तीनदा शब्द म्हटला. विड्यूइटी. मी मधला ठेवला.

काय म्हणाला होता, ते मला आठवत नाही. हसू आठवतं, काचेवर वाफ धरली होती ती आठवते, वाक्य नाही. किती वेळा आठवायचा प्रयत्न केला. भाजी चिरताना, बोरूचे केस विंचरताना. वाक्याची चाल येते, जिभेवर येते आणि जाते.

गेल्या आठवड्यात अर्थताईंचा फोन आला. त्यांना गोड बोलणं जमत नाही. त्या थेट सुरुवात करतात.

"सफाईबाई, एक सांगायचं होतं. आता यंत्राचा आवाज घेतेय सगळ्या शब्दांना. नवे शब्द येत राहतात, आणि अर्धे एका आवाजात, अर्धे दुसऱ्यात, हे बरं दिसत नाही. त्याचे सगळे शब्द तुला देते, ये घेऊन जा."

"ताई, साफ केलेले माझ्याकडे आहेत," मी म्हटलं, आणि इतके महिने ज्याचा धीर झाला नव्हता तो प्रश्न विचारून टाकला. "मूळ आहेत का? मी कापायच्या आधीचे?"

पलीकडे कपाटाचं दार करकरलं.

"त्यात तो बोलायचा हो मधे मधे. मला एक वाक्य मिळालं तरी चालेल. बोरूसाठी. मराठीतलं. कुठलंही."

"जुनी डिस्क आहे कपाटात. तो गेल्यापासून मी उघडलेली नाही, काय उरलंय ते आठवत नाही," त्या म्हणाल्या. "ये तू. आपण दोघी बघू."

मी बोरूला घेऊन गेले. सासूबाई नको म्हणत होत्या, "कचेरीत पोर कशाला नेतेस, काहीतरी पाडेल." पण मला ती हवी होती. वाक्य सापडलं तर तिथल्या तिथे, पहिल्यांदा तिने ऐकावं, असं माझं चाललं होतं मनात. तिला धुतलेला फ्रॉक घातला. स्वतःचेही केस नीट बांधले. कुणाला तरी भेटायला निघाल्यासारखे.

कचेरी तशीच होती. खिडकीवरचा पडदा अर्धवट सुटलेला, अर्थताईंच्या टेबलावर चष्म्यांची तीन घरं आणि चष्मा डोक्यावर. बोरू थेट गाद्यांच्या खोलीत शिरली आणि भिंतीवर गुद्दे मारायला लागली. गादीच्या भिंती तिला फार आवडल्या.

"मारू दे," अर्थताई म्हणाल्या. "त्या भिंतींना आता काम नाही."

डिस्क लावली. अक्षरवार कप्पे होते, नावं माझ्याच हातची. मी अ उघडला. रिकामा. ब. रिकामा. मला वाटलं, मी चुकीच्या ठिकाणी बघतेय. ड, क, प. मग व. विड्यूइटी कुठेच नव्हतं. काहीच नव्हतं.

"ताई, हे रिकामं कसं?"

त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, वाकून एकेक कप्पा बघितला.

"तू शब्द झाला की हिरवी खूण करायचीस ना, साफ म्हणून?"

"हो."

"हिरवी खूण दिसली की मी मूळ पुसायचे. जागा पुरायची नाही गं." त्या खुर्चीत बसल्या. "दुसऱ्या कुणाचं असतं तर ठेवलं असतं, पुन्हा तपासायला. तुझं तपासावं लागायचं नाही. तू साफ म्हणालीस की साफच असायचं."

मला वाटायचं, ती खूण म्हणजे नुसती खूण. काम झालं, एवढंच सांगणारी. मी तिथे बसून रोज संध्याकाळी, घरी जायच्या घाईत, एकामागून एक हिरव्या खुणा करायची. आणि तो माझी पर्स हातात धरून दाराशी उभा असायचा, "चल की, किती खुणा करतेस," म्हणत.

मी रडले नाही. बोरू आतून ओरडत होती, "मऊ! आई, मऊ!" आणि मी म्हणत होते, "हो गं राणी, मऊ."

अर्थताई उठल्या, माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर हात ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "माझं आयुष्य शब्दांचे अर्थ लिहिण्यात गेलं," त्या म्हणाल्या. "पण तुला आत्ता काय म्हणावं, ते मला येत नाही. खरंच येत नाही गं."

"राहू दे ताई."

"थांब. एक कप्पा अक्षरांचा नाही. तो मी कधी पुसला नाही. त्याला तू खूणच केली नव्हतीस."

अगदी खाली होता. नाव होतं 'शांतता'.

खोलीचा नमुना. दर वेळी नवा घ्यायचा आणि जुन्यावरच ठेवायचा, म्हणजे त्यात एकच असणार, शेवटच्या दिवसाचा. त्याला खूण करायचा प्रश्नच नव्हता. शांततेत साफ करण्यासारखं काय असतं? मी सुरुवातीचा तुकडा वापरायची आणि बाकीचा कधी ऐकायचीही नाही.

मी बोरूला मांडीवर घेतलं. हेडफोनचा एक कान तिला, एक मला. कळ दाबली.

काही नाही. म्हणजे तीच घूं घूं, अगदी बारीक. पण ज्याने हे काम केलंय त्याला कळतं, रिकाम्या खोलीची शांतता आणि माणूस बसलेल्या खोलीची शांतता एक नसते. माणूस असला की ती जरा जड असते, जवळची असते. तो तिथे होता. हात मांडीवर, मान किंचित तिरकी, माझ्याकडे बघत, तोंड मिटून. आपला आवाज मध्ये येऊ नये म्हणून. आश्चर्य म्हणजे बोरूने चुळबुळही केली नाही. माझा अंगठा घट्ट धरून ऐकत राहिली.

आणि अगदी शेवटी, मी काचेअलीकडून 'हं, झालं' अशी खूण केली असणार तेव्हा, त्याने श्वास घेतला. बोलायच्या आधी घेतो तसा. नाकातून, थोडासा घाईचा. तिथेच रेकॉर्डिंग संपतं.

एवढासा श्वास. बाकी सगळे मी कापले होते.

"बाबा?" बोरूने माझ्याकडे बघून विचारलं. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. पुढचा शब्द यायची वाट बघत होती.

अर्थताईंनी ती शांतता मला फोनमध्ये घालून दिली. निघताना बोरूच्या हातात एक बिस्किट ठेवलं आणि मला म्हणाल्या, "कर्ण्यावरचे त्याचे शब्द मी इतक्यात नाही काढणार. नसतील दिसत सारखे, तर नसू देत." मी मान हलवली.

घरी आलो तेव्हा सासूबाई जमिनीवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. बोरूच्या फ्रॉकवरचे बिस्किटाचे कण झटकले, नुसतं म्हणाल्या, "सांगत होते मी, नको जाऊस."

मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि फोन पुढे केला.

"नको गं बाई. तुझे ते मंत्र नकोत मला आज."

"शब्द नाहीये आई यात. एकही नाही."

"मग काय आहे?"

मी आवाज पूर्ण वाढवला आणि फोन घड्यांच्या ढिगावर ठेवला. सासूबाई हातातला टॉवेल तसाच धरून बसल्या, आधी नाराजीने, मग उगीच, माझा मान राखायचा म्हणून. खोली घूं घूं करत राहिली. बोरूला आता ठाऊक झालं होतं, की हे गप्प राहून ऐकायचं असतं. तिने तोंडावर बोट ठेवलं.

शेवट आला. त्याने श्वास घेतला.

"काय रे?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून निघूनच गेलं. मान न्हाणीघराच्या दाराकडे वळली, हातातला टॉवेल पुढे झाला, अर्ध्या उठल्यासुद्धा. मग त्यांना कळलं. पण त्या लगेच खाली बसल्या नाहीत. तशाच, गुडघ्यावर एक हात टेकून, टॉवेल पुढे धरून थांबल्या. बोरूचं बोट तोंडावरच होतं.